पहिल्या लाइनीत राइट आउट कोण? सात नंबर की बारा नंबर?

काळीमाती (परभणी जिल्हा) | सोमवार, रात्री ९:१०

राम राम मंडळी. थंडी पडली की आमच्याकडं दोनच विषय असतात, हरभरा आणि नांदेडची हॉकी. श्री गुरु गोबिंदसिंगजी गोल्ड अँड सिल्व्हर कपला आमच्या क्लबनं यंदा प्रवेश मागितलाय. खालसा हायस्कूलच्या मैदानावर देशभरातले संघ येतात, तालुक्याच्या पोरांना तिथं उभं राहायला मिळणं हीच मोठी गोष्ट. पण नुसतं उभं राहायला जायचं नाही, खेळायला जायचं आहे, म्हणून हा धागा.

फॉरवर्डच्या दोन लाइनी केल्यात. रोलिंग सब्स्टिट्यूशन (खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करायची मुभा) असल्यामुळं पाच-सहा मिनिटांनी लाइन बदलतो. दुसरी लाइन ठरली. पहिल्या लाइनीत लेफ्ट आउट, लेफ्ट इन, सेंटर फॉरवर्ड, राइट इन पक्के. (आम्ही अजून हीच नावं वापरतो. आउट म्हणजे साइडलाइनीकडचे फॉरवर्ड, इन म्हणजे त्यांच्या आतले. दोन्ही इन खाली उतरून हाफला, म्हणजे मधल्या फळीला, मदत करतात.) राइट आउट तेवढा ठरंना.

सात नंबर: वय एकोणीस. पळतो असा की लेफ्ट हाफला फक्त पाठ दिसते. साइडलाइन सोडत नाही, बॅकलाइनपर्यंत, म्हणजे गोलाच्या रेघेपर्यंत, जातो, तिथून डीमध्ये (गोलासमोरच्या अर्धगोलात) बॉल काढतो. पण गोलावर मारायला निघाला की घाई करतो.

बारा नंबर: वय चोवीस. या मोसमात आमच्याकडून सगळ्यात जास्त गोल त्याचेच. लाइनीवर उभा राहतो पण बॉल मिळाला की आत वळतो, एकाला डॉज देतो आणि मारतो. परत फिरून डिफेन्सला येणं त्याला आवडत नाही.

क्लबमध्ये निम्मे इकडं, निम्मे तिकडं. शुक्रवारपर्यंत यादी द्यायची आहे. ज्यांनी हॉकी खेळली आहे, शिकवली आहे किंवा मनापासून बघितली आहे त्यांनी बोलावं.

---

डीच्या_आत | सोमवार, रात्री ९:२२

बारा नंबर. गोल कोण करतो ते बघा, बाकी सगळं नंतर. गोल डीच्या आतूनच होतो, साइडलाइनीवरून होत नाही.

---

बाभूळबन (हिंगोली) | सोमवार, रात्री ९:३०

दोघांना पाठवा. सात नंबरनं पळावं, बारा नंबरनं मारावं, आणि अंपायरनं मोजू नये. 😀

---

लेफ्टहाफ (हिंगोली) | सोमवार, रात्री १०:०५

मी आयुष्यभर लेफ्ट हाफ खेळलो, म्हणजे राइट आउटला अडवायचं हेच काम केलं. तेव्हा समोरच्या बाजूनं सांगतो.

हॉकीत स्टिकची एकच बाजू चालते, सपाट. आणि सगळ्यांच्या स्टिका एकाच हाताच्या, डावखुऱ्याची वेगळी स्टिक नियमात बसत नाही. आता माझ्यासमोर तुमचा राइट आउट येतोय असं धरा. साइडलाइन माझ्या डाव्या हाताला. तो लाइनीकडून, बाहेरून निघाला तर मला डावीकडं, रिव्हर्स स्टिकनं म्हणजे स्टिक उलटी फिरवून, बहुतेकदा एका हातानं टॅकल करावं लागतं. हात लांब जातो, तोल जातो, जरा उशीर झाला की त्याच्या पायात स्टिक आणि फ्री हिट. तो आत वळला तर? माझ्या उजव्या हाताला येतो, म्हणजे माझ्या फोरहँडवर. मला तेच पाहिजे असतं. दोन्ही हात स्टिकवर, अंग बॉलच्या मागं, आणि माझ्या आतल्या बाजूला सेंटर हाफ उभाच आहे.

आत वळणारा राइट आउट मला कधीच जड गेला नाही. बाहेरून जाणाऱ्यानं रात्रीची झोप उडवली. माझं मत सात नंबरला.

---

डीच्या_आत | सोमवार, रात्री १०:१४

लेफ्टहाफ दादा, मान्य, पण हे अर्धंच झालं. हुशार लेफ्ट हाफ मुद्दाम लाइन मोकळी सोडतो. बाहेर जा म्हणतो. तिथं साइडलाइन हाच दुसरा डिफेंडर असतो. राइट आउट पळत पळत कोपऱ्यात जातो, कोन संपतो, बॉल बॅकलाइनबाहेर, आणि समोरच्याला पंधरा मीटरवरून फ्री हिट. असलं पळणं प्रेक्षकाला आवडतं, स्कोअरबोर्डवर काही येत नाही.

आणि आत वळणारा डीमध्ये घुसला की डिफेंडरच्या पायाला बॉल लागतो आणि शॉर्ट कॉर्नर मिळतो, म्हणजे बॅकलाइनवरून बॉल पुश करून गोलावर मारायची संधी. तो धरत नाही का तुम्ही?

---

काळीमाती | सोमवार, रात्री १०:३१

शॉर्ट कॉर्नरचं खरं आहे, बारा नंबर ते मिळवून देतो. पण आमचा फ्लिकर, म्हणजे शॉर्ट कॉर्नरवर गोलावर मारणारा, नोकरीला लागून पुण्याला गेला. आणि तुम्हाला माहीतच आहे, मुरमाच्या मैदानावर पुश आला की तो डीच्या टोकाला नीट ट्रॅप होणं, म्हणजे स्टिकनं थांबवणं, हेच निम्मं काम. बॉल खड्यावरून उडतो. टर्फवरच्यासारखं मोजून-मापून होत नाही. म्हणून शॉर्ट कॉर्नर मिळाला म्हणजे गोल झाला असं आम्हाला धरता येत नाही.

---

जुना_सेंटरहाफ (छत्रपती संभाजीनगर) | मंगळवार, सकाळी ६:४८

काळीमाती, धागा काढलात हे फार बरं केलंत. आपल्या भागात क्रिकेटवर रात्रभर बोलणारे ढिगानं, हॉकीवर बोलणारा भेटला की गळाभेट घ्यावीशी वाटते.

लेफ्टहाफ म्हणाला त्याची दुसरी बाजू सांगतो. आपल्या स्टिकनं बॉल उजवीकडून डावीकडं मारणं स्वाभाविक आहे, डावीकडून उजवीकडं मारायला एकतर पाय फिरवून अंग वळवावं लागतं किंवा रिव्हर्स हिट शिकावी लागते. म्हणजे राइट आउट उजव्या बाजूनं पळता पळता, वेग न मोडता, डीमध्ये क्रॉस देऊ शकतो. लेफ्ट आउटला तीच गोष्ट करायला थांबावं किंवा वळावं लागतं. स्टिकनंच ही देणगी राइट आउटला दिलेली आहे. ती वापरणारा पोरगा तुमच्याकडं असेल तर त्याला बाहेर बसवू नका.

आता जुनी गोष्ट. १९४८ चं लंडन ऑलिंपिक. वेम्बलीला अंतिम सामन्यात आपण ब्रिटनला ४-० हरवलं. स्वातंत्र्यानंतरचं पहिलं सुवर्ण. त्या संघाचा कप्तान किशनलाल, महूचा, आणि तो राइट आउट होता. त्याच्या शेजारी राइट इनला के. डी. सिंग ‘बाबू’. बाबूचं ड्रिबलिंग जगानं नावाजलं, पण ड्रिबल करून बॉल सोडायचा कधी हे त्याला कळत होतं. उजवी बाजू म्हणजे ही जोडी. बलबीर सिंग मधे उभा.

तर माझा प्रश्न: तुमचा राइट इन कसा आहे? त्याच्याबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली नाही.

---

बाभूळबन | मंगळवार, सकाळी ७:१५

काकांनी सकाळी सकाळी सेंटर हाफच्या जागेवरून पास काढला बघा. थेट मर्मावर.

---

गोदातीर (नांदेड) | मंगळवार, सकाळी ९:०२

सत श्री अकाल, राम राम सगळ्यांना. मैदानाबद्दल थोडं सांगतो, कारण लहानपणापासून या स्पर्धेला लाइनीबाहेर बसून बघत आलोय.

गुरुपर्वाच्या आसपासचे दिवस म्हणजे सकाळी दव. सकाळच्या सामन्यात बॉल जड होतो, दुपारी तोच बॉल टणटण पळतो. पंजाबकडचे, रेल्वेचे, फौजेचे खेळाडू टर्फवर वाढलेले असतात. त्यांना पहिली दहा मिनिटं मातीचा अंदाज येत नाही. आपल्या पोरांना तो जन्मापासून असतो. एवढाच आपला फायदा, तो पहिल्या क्वार्टरलाच घ्यायचा. त्यांच्या लेफ्ट हाफला बॉलची उसळी समजायच्या आत कोणीतरी त्याच्या बाहेरून दोन-तीनदा निघून गेलं पाहिजे. मग तो मागं सरकून उभा राहतो, आणि मागं सरकला की आपल्या राइट हाफला मोकळी जागा.

सात नंबर सुरुवातीला. बारा नंबर नंतर आत आणा, तेव्हा त्यांचे पाय जड झालेले असतात.

आणि लंगरला सगळी टीम घेऊन या. सामना हरलात जिंकलात, जेवल्याशिवाय कोणी जात नाही नांदेडातून.

---

उदगीरकर (सध्या टोरांटो) | मंगळवार, सकाळी १०:२०

इथं मध्यरात्र आहे पण धागा सोडवत नाही. उदगीरचा, शाळेत मातीवर हॉकी खेळलो, इथं आल्यापासून बर्फावरची हॉकी बघतोय. तुमचा ‘पहिल्या लाइनीचा राइट विंगर कोण’ हा प्रश्न इथं दर हिवाळ्यात प्रत्येक बसमध्ये चाललेला असतो, म्हणून लिहितो.

बर्फावर एका लाइनीत तिघंच फॉरवर्ड, लेफ्ट विंग, सेंटर आणि राइट विंग. अशा चार लाइनी, आणि एक लाइन साधारण पाऊण मिनिट बर्फावर राहून बदलते. एवढ्या कमी वेळात एकमेकांना शोधत बसायला सवडच नसते. म्हणून प्रशिक्षक विंगर निवडताना त्याचे एकट्याचे गोल मोजत बसत नाहीत, सेंटरबरोबर त्याचं जमतं का ते बघतात.

उदाहरण एडमंटन ऑइलर्स या इथल्या संघाचं. वेन ग्रेट्स्की सेंटर, आणि त्याच्या उजवीकडं फिनलंडचा यारी कुरी. १९८४-८५ च्या हंगामात कुरीनं ७१ गोल केले, आणि त्याच हंगामात ग्रेट्स्कीचे १३५ असिस्ट, म्हणजे गोल करून देणारे पास. कुरी सर्वांत वेगवान नव्हता. पण ग्रेट्स्की बॉल, म्हणजे त्यांची ती चकती, कधी सोडणार हे त्याला आधी कळायचं आणि तो मोकळ्या जागेत तेव्हाच पोचायचा. शिवाय ग्रेट्स्की पुढं राहिला तर मागं येऊन बचाव करायचं काम कुरी करायचा. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. बर्फावर डाव्या हाताची आणि उजव्या हाताची अशा दोन्ही स्टिका चालतात. डाव्या बाजूनं मारणारा राइट विंगला खेळवला की आत वळून गोलावर मारायला त्याला चांगला कोन मिळतो. टँपा बे संघाचा कुचेरोव्ह तसा आहे. हे बघून आपल्याकडं कोणी म्हणेल की राइट आउटनं आतच वळावं, तर ते इथलं गणित तिथं लागू होत नाही. आपल्याकडं स्टिक एकच.

मीही जुना_सेंटरहाफ काकांचाच प्रश्न विचारतो: राइट इन कोण?

---

काळीमाती | मंगळवार, दुपारी १:४०

राइट इन म्हणजे आमचा दहा नंबर. क्लबमधला सगळ्यात कसबी खेळाडू. बॉल त्याच्या स्टिकला चिकटतो. दोघा-तिघांना सहज चकवतो. प्रेक्षक त्याच्यासाठी येतात. सात नंबर किंवा बारा नंबर, दोघांनाही बॉल त्याच्याकडूनच मिळतो.

---

प्रशिक्षक_ताई (लातूर) | मंगळवार, दुपारी २:२५

काळीमाती दादा, मी मुलींना हॉकी शिकवते. एक काम करा, आज संध्याकाळच्या सरावात कोणाला तरी वही घेऊन लाइनीबाहेर बसवा. तुमच्या राइट हाफनं बॉल जिंकल्यापासून तो राइट आउटच्या स्टिकला लागेपर्यंत दहा नंबर किती टच घेतो, तेवढंच लिहायला सांगा. आणि दुसरं, बॉल येतो तेव्हा राइट आउट पळतोय का उभा आहे.

कारण सात नंबरसारख्या पोराचा सगळा जीव वेगात असतो. तो पळायला लागला आणि बॉल आला नाही तर त्याला थांबावं लागतं. थांबलेला सात नंबर कोणत्याही साध्या खेळाडूसारखाच. लेफ्ट हाफ तोवर जवळ येऊन उभा राहतो. मग लोक म्हणतात पोरगा चालला नाही. पोरगा चालला होता, बॉल चालला नव्हता.

पोराकडूनही एक गोष्ट बघा. डावीकडून आलेला पास तो कसा घेतो? टाचा साइडलाइनीला, छाती मैदानाकडं उघडी, बॉल अंगासमोरून जाऊ देऊन उजव्या पायाच्या पुढं ट्रॅप, असं असेल तर पुढच्याच पावलाला तो निघू शकतो. पाठ मैदानाकडं करून घेत असेल तर त्याला कोणतीच लाइन वाचवणार नाही. हे मात्र शिकवता येतं, महिनाभरात येतं.

---

डीच्या_आत | मंगळवार, दुपारी ३:०५

ताई, मग तर बारा नंबरच बरा की! त्याला उभ्यानं बॉल मिळाला तरी तो एकाला चकवून काहीतरी करतो. दहा नंबर जसा आहे तसा आहे, आता तो बदलायचा का?

---

लेफ्टहाफ | मंगळवार, दुपारी ३:३०

मग होतं काय, दहा नंबर आत, बारा नंबरही आत. दोघं एकाच जागेत. मी लेफ्ट हाफ असतो तर दोघांना मी आणि सेंटर हाफ मिळून सांभाळलं असतं आणि लाइनीवर कोणीच नाही म्हणून आमचा लेफ्ट बॅक खुशाल मधे येऊन उभा राहिला असता. लाइनीवर एक जण राहिला तरच त्यांचा बचाव ताणला जातो. नाहीतर चादरीची घडी झाल्यासारखा सगळा बचाव मधे गोळा होतो.

---

माळरान (बीड) | मंगळवार, सायंकाळी ५:१५

जरा वेगळं विचारतो. आमच्या लेकराला स्टिक घ्यायची आहे. मातीसाठी लाकडी घ्यावी का कंपोझिट?

---

गोदातीर | मंगळवार, सायंकाळी ५:४०

माळरान दादा, शिकाऊ लेकरू असेल तर मातीसाठी तुतीच्या लाकडाची साधी स्टिक घ्या. जालंधर-मेरठच्या स्टिका सगळीकडं मिळतात. महागडी कंपोझिट मुरमावर घासून खालून खराब होते. लांबी कमरेच्या हाडापर्यंत बघा, मोठी घेऊन ‘पुढं पुरंल’ म्हणू नका, लेकरू वाकायचं शिकत नाही मग. स्टिकपेक्षा आधी शिन गार्ड घ्या.

---

माळरान | मंगळवार, सायंकाळी ५:५२

हाव, शिन गार्डचं ध्यानातच नव्हतं. आभारी आहे. लेकरू सात नंबरच्या बाजूनं आहे म्हणतंय. 😀

---

जुना_सेंटरहाफ | मंगळवार, रात्री ८:१०

डीच्या_आत, ‘जसा आहे तसा’ म्हणू नये. चांगला ड्रिबलर ही संघाची दौलत आहे, फक्त ती कुठं ठेवायची ते बघावं लागतं.

आपल्या शेजारचंच बघा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, त्या शहराची हॉकी आपल्या आजोबा-वडिलांनी डोळ्यांनी बघितली. त्याच हैदराबादचा मुकेश कुमार, १९९२, १९९६ आणि २००० अशी तीन ऑलिंपिक खेळला. उजव्या बाजूनं त्याची धाव आणि मधे आपल्या खडकीचा धनराज पिल्लै. १९९८ ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आलं, १९६६ नंतर पहिल्यांदा. धनराज स्वतः बॉल घेऊन तिघांना चकवणारा माणूस, पण तो एका जागी उभा राहून चकवत नसे, धावता धावता चकवायचा. म्हणून शेजारच्याचा वेग मोडत नसे. तुमचा दहा नंबर उभ्यानं चकवतो का पळताना, हे मला बघायचं आहे.

पाकिस्तानकडं समीउल्ला लेफ्ट आउट आणि कलीमउल्ला राइट आउट, सख्खे भाऊ. दोन्ही लाइनी त्यांनी अशा ताणून धरल्या की मधल्यांना खेळायला अंगण मिळायचं. त्यांच्याविरुद्ध हरताना रडलोय आम्ही रेडिओसमोर, पण त्यांची विंग मनापासून मानतो.

---

काळीमाती | मंगळवार, रात्री १०:४५

ताईंनी सांगितल्याप्रमाणं आज पाण्याच्या टाकीजवळ एकाला वही देऊन बसवलं. आकडे वाचून आम्ही सगळे गप्प झालो.

दहा नंबर राइट इनला असताना बॉल बाहेर जायच्या आधी त्याचे पाच, सहा, कधी आठ टच होतात. सात नंबर बहुतेक वेळा उभ्यानंच बॉल घेतो. मग आम्ही लेफ्ट इनला राइट इनला आणलं, आमचा चौदा नंबर. अबोल पोरगा, डॉज वगैरे फारसा नाही, पण ट्रॅप पक्का आणि दुसऱ्या टचला बॉल सोडतो. सात नंबर तीन वेळा सलग लेफ्ट हाफच्या बाहेरून निघाला. दोन क्रॉस तर असे आले की सेंटर फॉरवर्डनं नुसती स्टिक लावायची होती.

बारा नंबरलाही चौदा नंबरबरोबर खेळवून बघितलं. बॉल लवकर मिळाला तरी तो आतच वळतो, आणि आत चौदा नंबर असतोच. म्हणजे त्याची जागा बहुतेक ही नाहीच.

---

उदगीरकर | मंगळवार, रात्री १०:५८

हेच! तुम्ही राइट आउट शोधत होता आणि सापडला राइट इन. आता दहा नंबरला लेफ्ट इनला टाका. तिथं लेफ्ट आउटला तसंही वळायला वेळ लागतो, बॉल धरून ठेवणारा माणूस त्या बाजूला उपयोगी पडतो.

---

डीच्या_आत | मंगळवार, रात्री ११:१०

मी अजून मानत नाही. मोसमातले सगळ्यात जास्त गोल ज्याचे, त्याला पहिल्या लाइनीत जागा नाही? पोराच्या मनावर काय परिणाम होईल? तुम्ही लोक वह्या घेऊन बसलात, पण मोठ्या सामन्यात शेवटी एक माणूस लागतो ज्याला डीमध्ये बॉल मिळाला की हात थरथरत नाहीत. सात नंबर घाई करतो हे तुम्हीच लिहिलंय.

---

प्रशिक्षक_ताई | बुधवार, सकाळी ७:३०

डीच्या_आत, तुमचं म्हणणं उडवून लावायचं नाही. बारा नंबर बाहेर बसावा असं मी म्हणतच नाही. तो सेंटर फॉरवर्डचा माणूस वाटतोय मला. पाठीवर डिफेंडर घेऊन वळायचं, एकाला चकवायचं आणि मारायचं, हे सेंटर फॉरवर्डचं काम आहे. दुसऱ्या लाइनीत सेंटर फॉरवर्ड करून बघा. रोलिंग सब्स्टिट्यूशनमध्ये पहिली लाइन म्हणजे मोठेपणाची लाइन नव्हे, आधी जाणारी लाइन. पोराला हे त्याच्या समोर बसून सांगा, यादीत वाचून कळायला नको.

आणि राइट आउटचं निम्मं काम बॉल आपल्याकडं नसताना असतं. त्यांचा लेफ्ट बॅक बॉल घेऊन उभा आहे. त्याला लाइनीवरून पुढं पास देणं सोपं, कारण उजवीकडून डावीकडं स्टिक सहज फिरते. उजवीकडं, मधे, पास देणं अवघड. म्हणून आपल्या राइट आउटनं आधी ती लाइन बंद करायची आणि मग पुढं दबाव आणायचा. तो अडकतो, मधे काहीतरी ढिला पास देतो, आणि आपले इन त्यावर झडप घालतात. सुसाट धावत त्याच्या अंगावर जाणारा राइट आउट एका साध्या पासमध्ये बाजूला पडतो. सात नंबर हे करतो का?

---

लेफ्टहाफ | बुधवार, सकाळी ८:०५

ताईंना शंभर टक्के. पॅरिस ऑलिंपिकमधला आपला ब्रिटनविरुद्धचा उपउपांत्य सामना आठवा. दुसऱ्या क्वार्टरला आपल्या रोहिदासला रेड कार्ड, तिथून शेवटपर्यंत दहा जण. १-१ वर धरला आणि शूटआउटमध्ये ४-२ जिंकला. गोलकीपर श्रीजेशचं नाव सगळे घेतात, घ्यावंच, पण त्या दिवशी फॉरवर्ड किती मागं येऊन झुंजले ते पुन्हा एकदा बघा. परत न फिरणारा एक जरी फॉरवर्ड असता तर तो सामना राहिला नसता.

---

काळीमाती | बुधवार, दुपारी १२:५०

सात नंबर परत येतो, पण ताई म्हणतात तसा सुसाट अंगावर जातो. लाइन बंद करून मग चालून जाणं आज शिकवतो.

बारा नंबरशी सकाळीच बोललो. त्याच्या वडिलांच्या किराणा दुकानात, पोत्यावर बसून. पहिल्यांदा त्याचा चेहरा उतरला. मग म्हणला, “सर, मला लाइनीवर उभं राहायला कधीच आवडलं नाही, तुम्ही उभं केलं म्हणून राहिलो.” दुसऱ्या लाइनीत सेंटर फॉरवर्ड म्हणल्यावर विचारतो, “मग पास कोण देणार?” म्हणजे पोरगा खेळायला तयार आहे.

---

बाभूळबन | बुधवार, दुपारी १:०५

बारा नंबरला आमच्याकडून सांगा, दुसऱ्या लाइनीतला पहिला गोल झाला की हिंगोलीहून पेढे.

---

गोदातीर | बुधवार, दुपारी १:३०

दहा नंबरचं काय झालं? त्याला लेफ्ट इन चालेल का? कसबी माणूस रुसला की अवघड असतं.

---

काळीमाती | गुरुवार, रात्री ९:३५

आज शेजारच्या तालुक्याच्या संघाबरोबर सराव सामना झाला, पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर, अगदी नियमाप्रमाणं. पहिली लाइन: सात, चौदा, नऊ, दहा, अकरा. दुसऱ्या लाइनीत बारा नंबर सेंटर फॉरवर्ड.

दहा नंबर लेफ्ट इनला पहिल्या क्वार्टरमध्ये वैतागला होता. अंग सारखं उजवीकडं वळायचं. दुसऱ्या क्वार्टरपासून त्याला गंमत कळली: त्यानं डावीकडं दोघांना गुंतवलं की त्यांचा सगळा बचाव तिकडं सरकतो आणि उजवीकडं सात नंबरसमोर रान मोकळं. एकदा त्यानं डावीकडून अंग पूर्ण फिरवून थेट उजव्या लाइनीला हिट काढली, चौदा नंबरलाही मधे न घेता. सात नंबर पळतच होता. पुढच्या दोन सेकंदात बॉल डीमध्ये. गोल नऊ नंबरचा.

सामना ३-१ जिंकला. एक गोल बारा नंबरचा, तिसऱ्या क्वार्टरला, डीच्या टोकावर पाठ देऊन वळून. दिसायला देखणा.

अडचण एक राहिली. सात नंबर बॅकलाइनपर्यंत फार खोल जातो. बरेच क्रॉस तिथं अडकले.

---

जुना_सेंटरहाफ | गुरुवार, रात्री १०:०२

ते सोपं आहे. त्याला सांगा, डीची रेघ जिथं बॅकलाइनला मिळते तिथं पोचायच्या दोन-तीन पावलं आधीच क्रॉस मारायचा, लेफ्ट हाफ बरोबरीला यायच्या आत. बॅकलाइनला पोचलाच तर जोरात न मारता मागं, पेनल्टी स्पॉटकडं पुश. तिथं चौदा नंबर धावत आला पाहिजे. आणि क्रॉस जमिनीसरपट. मुद्दाम उचललेली हिट फक्त गोलावर मारताना चालते, नाहीतर अंपायर शिट्टी वाजवील. मातीवर तर सरपट मारलेलाच उडतो, त्यात आपण आणखी उचलायचा नाही.

---

डीच्या_आत | गुरुवार, रात्री १०:२०

ठीक आहे, सात नंबर. पण माझी एक अट ऐका. सामना बरोबरीत असेल आणि शेवटची पाच मिनिटं उरली असतील तर लाइनीबिइनी बाजूला ठेवा आणि बारा नंबरला सात नंबरच्याच बरोबर मैदानात ठेवा. क्रॉस देणारा आणि मारणारा, दोघं.

---

लेफ्टहाफ | गुरुवार, रात्री १०:२८

या अटीला माझाही पाठिंबा. तेव्हा मात्र दहा नंबरला विश्रांती द्या, नऊला नको.

---

काळीमाती | शुक्रवार, सकाळी ११:१५

यादी दिली. राइट आउट सात नंबर, राइट इन चौदा नंबर. शेवटच्या पाच मिनिटांसाठी डीच्या_आत यांची अट कप्तानाला समजावून ठेवली आहे. दहा नंबर का नऊ नंबर बाहेर, हे तेव्हा त्यांचा बचाव बघून ठरवू. आज आणि उद्या फक्त दोन गोष्टींचा सराव: सात नंबरचा लवकरचा क्रॉस, आणि त्यांच्या लेफ्ट बॅकची लाइन बंद करणं.

गोदातीर दादा, सकाळचा सामना मिळाला तर दवासाठी बुटाला स्टड कसले लावावेत?

---

गोदातीर | शुक्रवार, सकाळी ११:४०

रबरी, आखूड आणि जास्त संख्येचे. लांब स्टड मुरमावर पाय मुरगाळतात. सकाळचा सामना असेल तर आदल्या रात्री मुक्कामाला या, यात्री निवासात सोय होते. सूर्य वर यायच्या आधी पोरांना मैदानाच्या बाहेरच्या कडेनं दोन फेऱ्या मारायला लावा आणि उजव्या साइडलाइनीची माती पायानं दाबून बघा. ऊस-कापसाची बैलगाडी ओढणाऱ्या भागातली पोरं आहेत, मातीचं त्यांना मी काय सांगावं. फोन करा, स्टेशनवर येतो.